अठ्ठावन्न लिटर

३ मार्च

आज कामाचा पहिला दिवस. शाळा बंद पडल्यापासून आठ महिने घरात बसून होते, त्यामुळे सकाळी गडबडीत चपला उलट्या घातल्या. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसल्या, तराजू लावले, मुलांनी फोडलेल्या काचा झाडल्या. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी नदीखालच्या बोगद्यावर. सगळी दादाची कृपा. दादा तिथे मुकादम आहे. त्याने साहेबांना सांगितलं, "माझी बहीण आकड्यांत चुकत नाही," आणि साहेबांनी मला दुसरं काही विचारलंच नाही.

काम असं आहे. बोगद्याचं पुढचं टोक नदीच्या तळाखाली आहे. चिखलपाणी आत येऊ नये म्हणून तिथे दाबाची हवा भरून ठेवतात. बाहेरून एकदम त्या दाबात जाता येत नाही, म्हणून मध्ये एक लोखंडी खोली आहे, दोन्ही टोकांना जाड दारं. सगळे तिला डबा म्हणतात. माणसं डब्यात बसतात, मी बाहेरून दार लावते, झडप उघडून हळूहळू हवा सोडते. दाब पुरेसा चढला की पलीकडचं दार उघडतं आणि ते कामावर जातात. परत येताना तेच उलटं, पण फार सावकाश. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस कायमचा अधू होतो.

माझ्याकडे हवेची वही. प्रत्येक खेपेला दाब किती, तापमान किती, मीटरमधून किती हवा आत गेली, येताना किती सुटली. हजेरीची वही वेगळी, ती दादाकडे.

डब्यात शिरण्याआधी दादाने विचारलं, "किती जण?"

"तीन. तू, लंबू आणि नवरदेव."

"परत मोज."

मोजले. तीनच. नवी आहे म्हणून शिकवत असेल.

६ मार्च

बरं चाललंय. लंबू सहा फूट दोन इंच, डब्यात मान वाकवून बसतो. नवरदेवाचं गेल्या महिन्यात लग्न झालं, म्हणून ते नाव. मी त्याला म्हटलं, "दोन वर्षांनी काय म्हणणार तुला?" तर लंबू म्हणाला, "तेव्हा नुसतं बिचारा म्हणू."

हवा भरताना डबा तापतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मारताना पंप गरम होतो, तसंच. तिघं घामाघूम होतात, आवाज नाकात बोलल्यासारखे होतात. येताना हवा सुटली की गारठा पडतो, आत धुकं दाटतं आणि गोल काचेतून काही दिसत नाही.

डब्यातल्या बाकावर चौघांची जागा आहे. लंबूचे गुडघे नवरदेवाला लागतात, तरी तिघं एका बाजूला दाटीवाटीने बसतात. दाराजवळचं टोक रिकामं. मी म्हटलं, सरकून बसा की. नवरदेव सरकणार तेवढ्यात दादाने त्याचा दंड धरला. "तिकडे झडपेचा वारा लागतो," म्हणाला. झडप दुसऱ्या बाजूला आहे. त्याच्या लक्षात राहिलं नसेल.

९ मार्च

सुट्टी. वहिनीला स्वयंपाकात मदत केली. तिने डाळ पातेल्यात शिजायला टाकली होती, तासभर झाला तरी टचटचीत. मी म्हटलं, कुकर कुठे गेला? तिने वर माळ्याकडे बोट केलं.

"तुझ्या दादाला शिट्टी सहन होत नाही. वाजली की उठून बाहेर जातो. एकदा जेवत्या ताटावरून गेला. मग मीच टाकला माळ्यावर."

"कधीपासून?"

"वकिलासारखी काय चौकशी करतेस? झाले चारपाच महिने. झोपतानाही दार सताड उघडं हवं. थंडीत काकडले मी."

दाबाच्या कामाने कान हळवे होतात असं कामावरच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय. त्यांच्याकडून थेंब आणून द्यायला हवेत.

११ मार्च

आज जुनी खोड उफाळून आली. शाळेत नववीच्या मुलांना मी पिचकारी आणि फुगा घेऊन दाखवायचे: हवेच्या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. दाब, तापमान, ती किती जागेत आहे आणि ती मुळात आहे किती. तीन कळल्या की चौथी आपोआप कळते. मुलं जांभया द्यायची. मला मात्र त्यात दरवेळी गंमत वाटे.

इथे मला दाब माहीत, तापमान माहीत, हवा किती गेली तेही मीटर सांगतं. म्हणजे डब्यात हवेला किती जागा मिळाली ते काढता येतं. रिकामा डबा चार हजार दोनशे लिटरचा. माणसं बसली की त्यांच्या अंगाएवढी जागा कमी. माणूस जवळपास पाण्याइतकाच जड, तेव्हा जितके किलो तितके लिटर. दादा चौऱ्याहत्तर, लंबू एक्क्याऐंशी, नवरदेव त्रेसष्ट. मिळून दोनशे अठरा. दोन बार दाब चढवायला सात हजार नऊशे चौसष्ट लिटर हवा लागायला हवी.

लागली सात हजार आठशे अठ्ठेचाळीस. एकशे सोळा लिटर कमी. मागची पानं उलटून पाहिली. रोज तेवढाच फरक, पाच-दहा लिटर इकडेतिकडे. येताना मात्र बरोबर तिघांचा आकडा.

गळती असती तर हवा जास्त लागली असती. ही कमी लागतेय.

१३ मार्च

तापमानात चूक असेल असं धरलं. गरम हवा जास्त रेटते, म्हणून कमी हवेत दाब चढतो. थर्मामीटर तीन अंश कमी दाखवत असेल तर फरक मिटला. आणखी दोन थर्मामीटर टांगले, एक बाकाखाली, एक छताला. सगळं निवेपर्यंत दहा मिनिटं थांबवलं तिघांना. नवरदेव डब्यातल्या फोनवर कुरकुरला, "ताई, भाजीसारखं वाफवताय का?"

तिन्ही थर्मामीटर एक बोलतात. फरक तसाच.

१४ मार्च

दाबमापक बदलला. साहेबांच्या खोलीतला नवा कोरा, पेटीतून काढून लावला. फरक तसाच.

१५ मार्च

उरलं हवेचं मीटर. जेवणाच्या सुट्टीत रिकामाच डबा भरून पाहिला. आठ हजार चारशे लिटर लागायला हवेत, आठ हजार तीनशे अठ्ठ्याण्णव लागले. मीटर चोख आहे.

म्हणजे राहिली फक्त जागा. दोन बारला एकशे सोळा लिटर हवा कमी, म्हणजे अठ्ठावन्न लिटर जागा कमी. तिघं बसतात तेव्हा डब्यात आणखी अठ्ठावन्न लिटर काहीतरी असतं. येताना नसतं.

साहेबांना सांगितलं. ते तरुण आहेत, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी अठ्ठावन्न म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, एवढं बारीक कोणी मागितलंय? सरासरी लिहीत जा."

सरासरी कशाची?

१८ मार्च

हे लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

तिघं आत कामावर होते. पूर्ण दाब होता. मी रोजच्यासारखा आतला फोन उचलला, सगळं ठीक ना विचारायला. पलीकडून कोणी बोललं नाही. कोणीतरी शीळ घालत होतं. गाणं असं नाही, काम करताना माणूस आपल्याच नादात घालतो तशी, दोन-चार सूर वर, मग खाली. चांगली मिनिटभर ऐकली. मग लंबूने फोन घेतला.

"शीळ कोण घालतंय?" मी हसतच विचारलं.

तो म्हणाला, "कोणी नाही, ताई. आत शीळ वाजत नाही."

बाहेर आल्यावर त्याने समजावलं. दाबातली हवा दाट असते, ओठांतून नुसती फू होते. कितीही पट्टीचा असला तरी आत त्याची शीळ निघत नाही. "म्हणून तर शिट्ट्या बाहेर आल्या आल्या सुरू व्हायचा," तो बोलून गेला, आणि दादाने त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला.

"शिट्ट्या कोण?"

"होता एक," दादा म्हणाला. "काम सोडून गेला. तुझ्या आधी."

टेलिफोनच्या तारेत कधीकधी असे आवाज येतात. ओल लागली असेल.

२० मार्च

फाटकाशी एक बाई उभी असते, तिच्याबद्दल आधीच लिहायला हवं होतं. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. मला वाटायचं कामगारांपैकी कोणाची तरी बायको. आज पहारेकरी तिला हाकलत होता, तेव्हा मी थांबले.

"तुम्ही नव्या का?" तिने विचारलं. "माझा भाऊ इथे होता. सतरा ऑक्टोबरला सकाळी कामावर आला, तो घरी आलाच नाही. हे म्हणतात त्या दिवशी तो आलाच नव्हता. पळून गेला म्हणतात. कपडे सगळे घरी आहेत त्याचे. चष्मासुद्धा. चष्म्याशिवाय कुठे पळेल तो?"

"चष्मा घरी कसा?"

"कामावर घालत नाही. आत धुक्याने काच भरते म्हणतो."

म्हणतो, म्हणाली. मी विचारलं, "नाव काय त्यांचं?" तिने नाव सांगितलं, मग थोडं हसून म्हणाली, "पण इथे सगळे शिट्ट्याच म्हणतात."

२१ मार्च

डॉक्टरबाई शुक्रवारी सगळ्यांची वजनं आणि कान तपासतात. दादासाठी थेंब मागायला गेले होते. त्या हात धुवायला उठल्या, तेव्हा मी जुन्या नोंदी उघडल्या. अशी चोरी मी आयुष्यात केली नव्हती.

शिट्ट्याची शेवटची नोंद अकरा ऑक्टोबरची. कान ठीक. फुप्फुसं ठीक. वजन अठ्ठावन्न किलो.

थेंब न घेताच आले.

२४ मार्च

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. शाळेतल्या सांगाड्याला मी एकोणीस वर्षं फडक्याने पुसलंय. मीटर चोख आहे, मापक चोख आहे, थर्मामीटर चोख आहेत. तरीही कुठेतरी चूक असणार, आणि तिचा आकडा योगायोगाने अठ्ठावन्न असणार. असं रोज सकाळी स्वतःला सांगते आणि झडप उघडते.

आज भरताना काचेतून बघत राहिले. तिघं एका बाजूला. दादाची नजर रिकाम्या टोकाकडे नाही, मुद्दाम दुसरीकडे. घाम तिघांना येतो, पण दादाचा चेहरा भिंतीसारखा झालेला असतो. दाब चढतो तसं डब्याचं लोखंड कुरकुरतं. त्या टोकाचं बाक जरासं जास्त कुरकुरलं का? अशा गोष्टी वहीत लिहीत नाहीत.

सात हजार आठशे सत्तेचाळीस.

२७ मार्च

सतरा ऑक्टोबरची हवेची वही सापडली. माझ्या आधी जे काका हे काम करायचे, त्यांनी त्यानंतर आठवड्याभरात काम सोडलं. त्यांच्या वह्या खोलीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात, ग्रीसच्या डब्यामागे.

हजेरीच्या वहीत त्या दिवसाचं पान मी याआधीच पाहून ठेवलं होतं. तीन नावं: दादा, लंबू आणि एक जण जो नंतर दुसऱ्या कामावर गेला. पान नवं वाटतं, शिलाई सैल. आणि दादाचं अक्षर, पण हात थरथरल्यासारखं.

हवेच्या वहीत काकांचं बारीक, तिरकं अक्षर. सकाळी आठ दहा. दाब दोन बार. तापमान चोवीस. आत गेलेली हवा सात हजार आठशे चौतीस लिटर. त्या तिसऱ्याचं वजन धरून तिघांसाठी सात हजार नऊशे पन्नास लागली असती. फरक एकशे सोळा. अर्धा केला की अठ्ठावन्न.

परत येतानाचा आकडा पाळीच्या मध्येच, अकरा वीसला. तिघांचा.

हजेरीचं पान बदलता आलं. हवेच्या वहीला कोणी हात लावला नव्हता, कारण ती माणसं मोजते हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्याच भावाने मला इथे आणलं होतं.

सगळे आकडे या डायरीत मागच्या पानावर उतरवून ठेवले आहेत.

३० मार्च

सुट्टी. वहिनी बाजारात गेली होती. दादा अंगणात तिपाईचा पाय बसवत होता. मी दारात उभी राहिले.

"दादा, सतरा ऑक्टोबरला आत किती जण गेले?"

"हजेरीत आहे ते."

"हवेच्या वहीत चार आहेत."

त्याने हातोडी खाली ठेवली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तो अठरा. माझ्या वेण्या त्यानेच घातल्या, वाकड्या. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू त्या वेण्या कोणी ओढल्या आहेत आणि त्याला भांडायला जायचंय, पण कोणाशी ते कळत नाहीये.

"छत फुटलं," तो म्हणाला. "नदीच्या तळाला भोक पडलं. हवा वर निघून गेली आणि चिखल खाली आला. आम्ही तिघं डब्यात शिरलो. तो मागे होता. दार लावलं नसतं तर चौघंही गेलो असतो, चिमे."

"मागे म्हणजे किती मागे?"

त्याने तिपाईचा पाय हलवून पाहिला.

"तो दारापर्यंत आला होता का?"

तिपाई उचलून तो घरात गेला. रात्री त्याने सांगितलं ते एवढंच: साहेब म्हणाले होते, मेला असं लिहिलं तर बोगदा बंद, दोनशे माणसं घरी, आणि दार कोणी लावलं ते आधी विचारतील. मग डबा तिथून हलवला, त्या टोकाला काँक्रीटची भिंत घातली आणि वीस मीटर बाजूने नवं काम सुरू केलं. तो भिंतीपलीकडे आहे. दादाला त्याच महिन्यात मुकादम केलं.

१ एप्रिल

कामावर गेले नाही. आजारी आहे सांगितलं. दिवसभर पडून छताकडे बघत होते. मी बोलले तर दादा तुरुंगात जाईल. नाही बोलले तर रोज सकाळी मीच झडप उघडणार आहे.

वहिनी विचारत राहिली काय होतंय. काय सांगू तिला?

४ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. जुन्या वह्या मुख्य कार्यालयात पाठवायच्या आहेत म्हणाले. कपाट रिकामं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यातलं काही लिहून वगैरे घेतलंय का?"

"सरासरी," मी म्हटलं.

६ एप्रिल

सुट्टी, पण दादा म्हणाला, "चल, आतली पाहणी करायची आहे." दर पंधरा दिवसांनी भिंत तपासावी लागते. एकट्याने आत जायचं नसतं. मी तसं म्हटलं.

"एकटा नाही जाणार," तो म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.

सकाळचे दहा. बोगद्यात कोणी नव्हतं, फक्त पंपाचा आवाज. दादा डब्यात गेला आणि बाकाच्या मधोमध बसला. मी दार लावलं, झडप उघडली. एकट्या दादासाठी आठ हजार दोनशे बावन्न लिटर लागायला हवेत. मीटरचा काटा आठ हजार एकशे छत्तीसवर थांबला आणि दाब दोनला पोचला. मी फोन उचलला.

"दादा, आकडा..."

"माहीत आहे," तो नाकातल्या आवाजात म्हणाला. "टोकाला बसलाय."

पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. मग पाऊण तास काहीच नाही. फोन चालूच होता. मी कान लावून बसले. पाण्याचं ठिबकणं, दादाचा श्वास. तो बोलायला लागला, तेव्हा मला वाटलं माझ्याशीच. तसं नसावं.

"आला होतास तू. दारापर्यंत आला होतास. मी हँडल धरलं होतं आणि तू बाहेरून हात मारलास. तीनदा. चिखल कमरेपर्यंतच होता. उघडता आलं असतं. मी घाबरलो होतो. लंबू ओरडत होता उघड म्हणून, मी त्याला ढकललं." मग ओल्यात त्याची पावलं वाजली. "चल आता. मी धरतो दार."

तो डब्यात परतला. मी हवा सोडायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात दोनवरून एक बार. धुकं दाटलं, काच पांढरी झाली. त्यात दादा बसलेला दिसत होता, आणि त्याच्या बाजूला धुकं जरा दाट होतं. धुक्यात सावली दोनदा पडते, हे मला माहीत आहे.

सुटलेली हवा चार हजार अडुसष्ट लिटर. एकट्याची असती तर चार हजार एकशे सव्वीस.

आजवर येताना आकडा कधी चुकला नव्हता.

पुढचे टप्पे मी नियमाप्रमाणे घेतले, एक मिनिटही कमी केलं नाही. सव्वा तास लागला. झडप स्थिर धरली. आत कोणीही असो, घाई केली की रक्तात बुडबुडे होतात.

दार उघडलं. दादा बाहेर आला, पण त्याने दार सोडलं नाही. एका हाताने ते पूर्ण मागे ओढून, पाठ भिंतीला लावून उभा राहिला. डब्यातून गार वारा आला आणि माझ्या पायांवरून पुढे गेला. दादा तसाच उभा. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग त्याने दार हळूच लावलं, मला म्हणाला, "डायरी घे बरोबर," आणि आम्ही घरी न जाता पोलीस चौकीवर गेलो.

१५ एप्रिल

वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकत नाही. दादाला आणि साहेबांना दोघांनाही नेलंय. लंबूने आपणहून जबाब दिला. तीन रात्री झोपलो म्हणाला, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

आज भिंत फोडायला चार जणांची तुकडी आत गेली. डबा मीच चालवला, दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. चौघांची वजनं आधीच लिहून घेतली होती. आकडा अगदी जुळला, चार लिटरांचा फरक. दिवसभरात तीन खेपा झाल्या आणि तिन्ही जुळल्या.

तेव्हा जिथे डब्याचं दार होतं, तिथून दीड मीटरवर तो सापडला.

मीटरमध्येच काही दोष असावा आणि तो आता गेला असावा. दुसरं काय लिहू?

२ मे

शिट्ट्याची बहीण घरी आली. मी घाबरले होते, की दादाबद्दल काही म्हणेल. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "पोलीस सांगत होते, तुम्ही त्याला हवेवरून ओळखलंत. मला बघायचंय."

डायरीचं मागचं पान काढून दिलं. तिला आकडे कळेनात. मी अठ्ठावन्नवर बोट ठेवलं.

"एवढी जागा होती त्याची. अठ्ठावन्न लिटर."

"म्हणजे किती?"

मी न्हाणीघरातून बादली आणली. "ही वीसची. तीन बादल्यांना थोडं कमी."

ती बादलीकडे बघत राहिली. मग हात घालून तळाला टेकवला, लहान मुलाला धरतात तसा वाकवून.

"या एकीत बसायचा," ती म्हणाली. "मीच घालायचे अंघोळ. पाणी डोक्यावरून गेलं की ओरडायचा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, मला कळलंच नाही. ती पुढे आली, त्या बाईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "जेवून जा."